केएसपीतलं पहिलं साधं सायन्स प्लेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्बल स्पेस प्रोग्रॅम (केएसपी) या रॉकेटं बनवून उडवायच्या गेममध्ये दोन-चार रॉकेटं धड वर गेली की पुढचा किडा डोक्यात वळवळतो तो प्लेनचा, आणि मग हँगरमध्ये अख्खी संध्याकाळ घालवून बनवलेलं देखणं विमान रनवेवरच आडवं होतं. प्रश्न सगळ्यांना तेच तेच पडतात म्हणून इथे एका जागी टाकलेत. सगळं पहिल्या केएसपीबद्दल आहे, १.२ नंतरचं कुठलंही व्हर्जन चालेल, मॉड नाही, डीएलसी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आलेल्या केएसपी २ चं इथे काही नाही.

मुळात प्लेन कशाला? सायन्स रॉकेटने मिळत नाही का?

मिळतं, आणि खरं सांगायचं तर रॉकेटने जास्त मिळतं. सायन्स म्हणजे प्रयोगांचे पॉइंट, ते देऊन नवे पार्ट उघडायचे. प्रत्येक प्रयोगाचे मूळ पॉइंट ठरलेले असतात आणि तो कुठे केला त्यावर गुणक लागतो, कर्बिनच्या (गेममधल्या आपल्या ग्रहाच्या) जमिनीवर ०.३, मुनच्या (त्याच्या चंद्राच्या) जमिनीवर ४. सरफेस सॅम्पलचे मूळ ३० धरले तर आपल्या अंगणातल्या मातीचे ९ आणि मुनच्या मातीचे १२०. आता बोला.

तरी प्लेन का, तर सुरुवातीला मुनपर्यंत पोचायची ऐपत नसते आणि केएसपीच्या तळाच्या आजूबाजूचे बायोम (गवत, डोंगर, किनारा असे वेगवेगळे प्रदेश) फुकट पडलेले असतात, शिवाय करिअर मोडमध्ये सर्व्हेची कॉन्ट्रॅक्ट येत राहतात, अमुक ठिकाणी उतरून तापमान मोजा, तमुक जागेवरून उडताना क्रू रिपोर्ट द्या, त्यासाठी दर वेळी रॉकेट उडवणं म्हणजे नुसती उधळपट्टी. प्लेन परत आणलं की रिकव्हर (जमा करून पैसे परत), पुन्हा तेच हँगरमधून काढा, खर्च फक्त इंधनाचा.

पण म्हणूनच त्या प्लेनवर जीव टाकू नका. हे कामाचं प्लेन आहे, छोटं, हळू आणि उडवताना जांभई येईल इतकं कंटाळवाणं असलं पाहिजे. लढाऊ विमानासारखं दिसायला लागलं की समजायचं गाडी चुकली.

कधी बनवायला घ्यावं?

टेक ट्रीमध्ये एव्हिएशन उघडलं की लगेच, ४५ सायन्सचं आहे. त्यात जुनो इंजिन, मार्क-१ कॉकपिट, छोटी गोल एअर इनटेक, मार्क-० ची टाकी आणि न मिटणारी साधी चाकं मिळतात, आणि पहिल्या प्लेनला एवढं पुरतं. व्हीझ्ली (पुढचं मोठं जेट इंजिन) येईपर्यंत थांबायची गरज नाही, उलट व्हीझ्ली दीड टनाचं धूड आहे, पहिल्याच प्लेनला ते शेपटीला लावलं की सगळा तोल मागे जातो आणि मग डोकं धरून बसायचं.

पार्ट कुठले आणि कसे लावू? सरळ सांगा.

मधलं धड असं: पुढे मार्क-१ कॉकपिट, त्याच्या मागे सायन्स ज्युनियर (प्रयोगाचं उपकरण, तो सव्वा मीटर जाडीचाच आहे, धडात मस्त बसतो), मग एक रिकामं स्ट्रक्चरल फ्युजलाज, शेवटी निमुळतं टोक. मागचं टोक उघडं सपाट ठेवू नका, हवा तिथे जबर ओढते.

इंजिनं शेपटीला नाहीत, दोन्ही बाजूंना. एक कांडी बनवा: पुढे छोटी इनटेक, मग मार्क-० च्या दोन टाक्या, मागे जुनो. मिरर सिमेट्री लावून ही कांडी धडाच्या दोन्ही अंगांना चिकटवा, पुढे-मागे सरकवून वजनाच्या मध्याजवळ आणा. याचा फायदा असा की इंधन जसं संपतं तसा तोल पुढे-मागे फारसा सरकत नाही, आणि नवख्यांची अर्धी विमानं तर याच कारणाने परतीच्या वाटेवर उलटतात.

मग दोन मोठे पंख, त्यांच्या मागच्या कडेला टोकाकडे एकेक एलिव्हॉन (हलणारी पट्टी), शेपटीला आडवे दोन आणि उभा एक असे हलणारे छोटे पंख, तीन चाकं, एक मिस्ट्री गूचा डबा (हाही प्रयोगच, नावावर हसून झालं असेल तर पुढे), थर्मामीटर, बॅरोमीटर, दोन रेडियल पॅराशूट आणि एक छोटी बॅटरी. मोजा, २८ पार्ट होतात. करिअरमध्ये पहिल्या लेव्हलच्या हँगरला ३० पार्टची मर्यादा आहे, त्यात बसतं. वजन साधारण चार टन, दोन जुनोंचा जोर मिळून ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टनाला भरपूर झाला.

तो पिवळा गोळा, निळा गोळा काय प्रकार आहे?

हँगरमध्ये खाली डाव्या बाजूला तीन बटणं आहेत. पिवळा-काळा गोळा म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य, निळा म्हणजे पंखांच्या उचलीचा मध्य, जांभळा म्हणजे इंजिनांच्या जोराचा. निळा गोळा पिवळ्याच्या थोडासा मागे हवा. बाणाची पिसं मागे का असतात? तेच कारण, नाक भरकटलं की मागची हवा त्याला परत सरळ करते. निळा पुढे गेला की विमान हवेत कोलांटी मारणार म्हणजे मारणारच, एसएएस (विमान आपोआप स्थिर धरणारी सोय) वगैरे काही वाचवत नाही. आणि फार मागे गेला की नाक वर उचलत नाही, दगड होतो.

किती मागे? दोन्ही गोळे एकमेकांवर थोडे चढलेले दिसावेत, पण निळ्याचा मध्य स्पष्ट मागे. पहिल्या प्लेनला थोडं जास्तच मागे ठेवा, चपळाई घेऊन करायचंय काय.

आता एक गोष्ट बरेच जण करत नाहीत आणि मग रडतात: टाक्यांवर राइट क्लिक करून इंधनाची पट्टी शून्यावर आणा आणि गोळे परत बघा. भरलेल्या टाकीला छान दिसणारं विमान रिकाम्या टाकीला भलतंच निघू शकतं. बघून झालं की पट्टी परत भरायला विसरू नका मात्र.

जांभळा गोळा पिवळ्याच्या फार वर किंवा फार खाली नसला की झालं, त्याचा जास्त विचार नको.

रनवेवर सोडलं की प्लेन डावीकडे-उजवीकडे पळतं आणि उलटतं. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दोष पंखांचा नसतोच, चाकांचा असतो. क्रमाने बघा.

पहिलं, चाकं खरोखर उभी आहेत का? धड गोल असतं, त्यावर चाक चिकटवलं की ते किंचित तिरकं बसतं, डोळ्याला दिसतही नाही, पण ५० मीटर प्रति सेकंदाला ते विमानाला ओढून नेतं. हँगरमध्ये ३ दाबून फिरवायचं टूल घ्या, एफ दाबून ते अ‍ॅब्सोल्यूटवर आणा, सी ने अँगल स्नॅप चालू करा आणि चाक एकदम खाली, एकदम पुढे बघेल असं करा. पुढून, मागून, वरून तिन्ही बाजूंनी कॅमेरा फिरवून बघा.

दुसरं, मागची दोन चाकं पंखांना लावली असतील तर काढा. पंख वजनाने वाकतो, पंख वाकला की चाक वाकतं, चाक वाकलं की गेलं. चाकं धडालाच लावा आणि मग २ दाबून ऑफसेट टूलने बाहेर सरकवा, दिसायला ती पंखाखाली दिसतील पण जोडलेली धडाला असतील, आणि दोन चाकांत अंतर जास्त मिळाल्याने विमान कलंडतही नाही. नियमात बसतं का असं विचारू नका, गेम देतोय तर घ्या.

तिसरं, ब्रेक. पुढच्या चाकाचा ब्रेक जवळपास शून्य करा, ब्रेक मागच्यांनी लावायचा, नाहीतर उतरताना ब्रेक दाबला की पुढचं चाक अडकतं आणि शेपटी पुढे येते. पुढच्या चाकाचं फ्रिक्शनही ऑटोवरून काढून थोडं कमी करा. वळणारं चाक लावलं असेल तर ते फक्त पुढे, मागचं स्टिअरिंग असलं तर बंद.

एवढं करूनही डुलत असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करून पंखांना आणि चाकांना ऑटोस्ट्रट (न दिसणारा आधार) द्या. चार टनाच्या प्लेनला बहुतेक लागत नाही.

रनवे संपतो तरी उचलत नाही!

मागची चाकं फार मागे आहेत. विमान उचलताना मागच्या चाकांवर टेकून नाक वर करतं, आणि चाकं वजनाच्या मध्यापासून जितकी लांब तितकं नाक जड. मागची चाकं पिवळ्या गोळ्याच्या जरासंच मागे आणा, इतकी की विमान शेपटीवर बसणार नाही पण बोट लावलं तर नाक उचलेल असं वाटावं. पुढचं चाक जितकं पुढे जाईल तितकं चांगलं. मग शेपटी जमिनीला घासत नाही ना तेही बघून घ्या, नाक दहा-बारा अंश वर जाईपर्यंत मागे मोकळी जागा हवी.

दुसरा उपाय फार सोपा आहे पण सुचत नाही: पंख उचलून लावताना शिफ्ट धरून एकदा फिरवा, पाच अंशांनी तिरका होतो. पुढची कड पाच अंश वर असलेला पंख विमान सपाट धावत असतानाच उचल देतो, मग ६० ते ७० मीटर प्रति सेकंदाला विमान जवळपास आपणहून सुटतं. हवेतही नाक सरळ ठेवून उडतं त्यामुळे धडाला हवा कमी लागते. मी तर म्हणेन पहिल्या प्लेनला हे कराच.

आणि हो, जेट इंजिन रॉकेटसारखं लगेच जोर देत नाही, घुमायला वेळ लागतो. ब्रेक धरा, झेड दाबून फुल थ्रॉटल द्या, आवाज चढला की ब्रेक सोडा.

करिअरमध्ये पहिल्या लेव्हलचा रनवे खडबडीत आहे, विमान उड्या मारतं.

मग त्यावरून उडू नका, शेजारी गवत आहे. खरंच, हळूच गाडीसारखं वळवून बाजूच्या गवतावर उतरा आणि तिथून पूर्वेकडे, म्हणजे नव्वदच्या दिशेला सोडा, त्या मातीच्या रनवेपेक्षा गवत गुळगुळीत आहे. सायन्स मोड खेळत असाल तर हा प्रश्न नाही, तिथे सगळ्या इमारती पूर्ण अपग्रेड होऊनच मिळतात.

कंट्रोल सरफेस सगळे एकदम हलतात, विमान पिसाळतं.

गेम प्रत्येक हलत्या पंखाला पिच (नाक वर-खाली), यॉ (नाक डावी-उजवीकडे), रोल (पंख कलवणं) तिन्ही कामं देऊन ठेवतो. राइट क्लिक करून कामं वाटून द्या. मुख्य पंखांवरच्या एलिव्हॉनना फक्त रोल, शेपटीच्या आडव्यांना फक्त पिच, उभ्याला फक्त यॉ. तरीही दचकत असेल तर अथॉरिटी लिमिटर अर्ध्यावर आणा किंवा उडवताना कॅप्स लॉक दाबा, कळा हलक्या हाताने दाबल्यासारख्या चालतात. कीबोर्डवाल्यांनी कॅप्स लॉक कायम चालू ठेवला तरी बिघडत नाही.

एसएएस लावून चहा करायला गेलो, परत आलो तर नाक आभाळाकडे. का?

कर्बिन एवढासा आहे, त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर. एसएएस विमानाची दिशा धरून ठेवतो, पण ती अवकाशातली दिशा, जमिनीच्या हिशोबाने नाही. तुम्ही १०० किलोमीटर गेलात की खालचं क्षितिज साडेनऊ अंश वाकलेलं असतं, एसएएसने नाक जिथल्या तिथे ठेवलं म्हणजे तुमच्या नजरेला ते साडेनऊ अंश वर. म्हणून मधूनमधून नाक खाली टोचत राहावं लागतं. नाहीतर एसएएस बंद करून ऑल्ट धरून डब्ल्यू किंवा एसने ट्रिम लावा, नीट तोललेलं विमान ट्रिमवर स्वतःच क्षितिज धरून जातं. ऑल्ट आणि एक्सने ट्रिम पुसलं जातं.

लांबच्या प्रवासात ऑल्ट धरून टिंबाची कळ दाबली की फिजिक्स वॉर्प मिळतो, म्हणजे वेळ पटापट पळतो. दुप्पट ठीक आहे, चौपटीला चांगलं चांगलं विमान थरथरून पंख टाकतं.

इंधन किती भरू? किती लांब जाईल?

हिशोब करूनच टाकू. जुनोचा आयएसपी (इंधन किती काटकसरीने जळतं त्याचा आकडा) ६४०० सेकंद, जोर २० किलोन्यूटन, भागाकार केला की फुल थ्रॉटलला सेकंदाला साधारण ०.०६४ युनिट इंधन खातो. मार्क-० च्या टाकीत ५० युनिट. वर सांगितलेल्या प्लेनमध्ये चार टाक्या म्हणजे २०० युनिट आणि दोन जुनो, म्हणजे फुल थ्रॉटलवर २६ मिनिटं. २०० मीटर प्रति सेकंदाने ३०० किलोमीटर झाले, आणि वर गेल्यावर थ्रॉटल दोन तृतीयांशावर आणला की आणखी पुढे. उंची आणि वेगाप्रमाणे जोर बदलतो, त्यामुळे हे ढोबळच धरा, पण आसपासचे बायोम करून परत यायला पुरेसं आहे.

परत यायलाच हवं असंही नाही. कर्बिनवर कुठेही उतरून उभं राहिलात की रिकव्हर करता येतं, सायन्स पूर्ण मिळतं, लांब असेल तर फक्त पैसे कमी परत मिळतात. सायन्स मोडमध्ये तर पैशाची भानगडच नाही.

ध्रुवावर जायचं असेल तर मात्र केएसपीच्या तळापासून जवळजवळ ९४० किलोमीटर. त्यासाठी टाक्या वाढवा किंवा व्हीझ्लीवाल्या प्लेनपर्यंत थांबा.

कुठली उपकरणं घेऊ, आणि काय हवेत करायचं, काय जमिनीवर?

इथे लोक सगळं सगळीकडे करत सुटतात आणि निम्मं वाया जातं. हवेत, म्हणजे १८ किलोमीटरच्या खाली, प्रत्येक बायोमवर वेगळे पॉइंट फक्त क्रू रिपोर्ट, ईव्हीए (विमानाबाहेर येऊन दिलेला) रिपोर्ट आणि थर्मामीटरचे मिळतात, थर्मामीटरचे ५.६, क्रू रिपोर्टचे ३.५. बॅरोमीटर, गू आणि सायन्स ज्युनियर हवेत एकदाच करा, खाली डोंगर असो की समुद्र त्यांना फरक पडत नाही.

जमिनीवर मात्र सगळ्यांना बायोम लागतो. एका गवताळ मैदानात उतरलात आणि थर्मामीटर, बॅरोमीटर, क्रू रिपोर्ट, ईव्हीए रिपोर्ट, गू, सायन्स ज्युनियर आणि माती असं सगळं केलंत तर २९.४ पॉइंट. उतरणं जमलं की कमाई आहे ती इथेच.

पुढे अ‍ॅटमॉस्फेरिक स्पेक्ट्रो-व्हेरिओमीटर उघडलं की तेच प्लेन एकदम कामाला येतं, कारण ते उडता उडता प्रत्येक बायोमला १४ देतं, उतरायचीही गरज नाही. ग्रॅव्हिटी डिटेक्टर हवेत चालत नाही, घेऊन जाऊ नका.

करिअरवाल्यांसाठी दोन अटी लक्षात ठेवा: माती उचलायला आर अँड डी इमारत अपग्रेड लागते, आणि उडत्या विमानातून बाहेर यायला अ‍ॅस्ट्रोनॉट कॉम्प्लेक्स. जमिनीवर उतरून चालायला काही लागत नाही.

एकच थर्मामीटर आहे, दुसऱ्या बायोमला काय करू?

उतरल्यावर कर्बलला (आत बसलेल्या अंतराळवीराला) बाहेर काढा, उपकरणाजवळ नेऊन राइट क्लिक, डेटा घ्या, परत कॉकपिटमध्ये ठेवा. थर्मामीटर-बॅरोमीटर पुन्हा कोरे करकरीत. कॉकपिटमध्ये हवे तेवढे रिपोर्ट राहतात, फक्त एकाच जागेचा तोच रिपोर्ट दोनदा राहत नाही.

गू आणि सायन्स ज्युनियरचं तसं नाही, डेटा काढला की ते बाद होतात आणि परत चालू करायला सायंटिस्ट लागतो, म्हणजे आपला बॉब. मार्क-१ कॉकपिटला सीट एकच. बॉबला बसवलं तर पायलट नाही म्हणून एसएएस नाही, पायलट जेबला बसवलं तर गू एकदाच. मधला मार्ग म्हणजे बॉबला बसवा आणि ऑक्टो प्रोब कोअर (यानाचा कॉम्प्युटर) लावा, तो एसएएस देतो (स्टेपुटनिक देत नाही, फसू नका). ऑक्टो अजून उघडला नसेल तर जेब किंवा दुसरी पायलट व्हॅलेंटिना हिला घेऊन जा आणि गूचा डबा एकाऐवजी दोन लावा, वजन ५० किलोच आहे एकाचं.

आधी कुठे जाऊ?

आधी कुठेच उडू नका. केएसपीचा तळ हाच खजिना आहे: रनवे, लाँचपॅड, व्हीएबी (रॉकेट जोडायची इमारत), हँगर, ट्रॅकिंग स्टेशन, मिशन कंट्रोल, क्रॉलरवे, अगदी झेंड्याचा खांबसुद्धा, हे सगळे वेगवेगळे बायोम धरले जातात. प्लेन टॅक्सी करत एकेका इमारतीसमोर न्या, थांबा, प्रयोग, डेटा आत, पुढची इमारत. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण चाकांची परीक्षाही यातच होते, आणि इथे हळू चालवताना जे प्लेन डुलतं ते रनवेवर हमखास उलटणार.

मग उडून पूर्वेला समुद्रावर एक चक्कर, किनारा आणि पाणी दोन्ही हवेतून होतात. मागे वळून पश्चिमेला गवताळ प्रदेश, हायलँड्स आणि पुढे डोंगररांग. डोंगरावर पहिल्या दिवशी उतरू नका, वरून तापमान घ्या आणि परत या. वाळवंट डोंगरांच्या पलीकडे आहे, इंधन बघून.

उतरायचा सराव करायचा असेल तर तळाच्या आग्नेयेला बेटावर एक जुनी धावपट्टी आहे. पण ती उंचावर आहे आणि कडेला पाणी, त्यामुळे आधी आपल्या तळाजवळच्या सपाट गवतावर हात बसवा, तिथे जागाच जागा.

लँडिंग काही केल्या जमत नाही.

वेग जास्त असतो, दुसरं काही नाही. थ्रॉटल बंद करून विमान लांबून, हळूहळू खाली आणा. जमीन जवळ आली की वेग ६० च्या आसपास आणि खाली यायचा वेग पाचच्या आत हवा, नाक किंचित वर, मागची चाकं आधी टेकली पाहिजेत. वर दाखवते ती उंची समुद्रसपाटीपासूनची असते हे विसरू नका, हायलँड्सवर आकडा ७०० दाखवत असतो आणि जमीन पोटाला लागलेली असते. कॉकपिटच्या आतल्या दृश्यात रडार अल्टिमीटर आहे, तो जमिनीपासून मोजतो. उतरायच्या आधी एफ५ दाबून गेम सेव्ह करून ठेवा, लाज कसली.

एवढं करूनही नको असेल तर ते दोन पॅराशूट आहेतच. वेग चांगला कमी करा, स्टेजिंगमधलं पॅराशूटचं चित्र सुरक्षित रंगाचं झालं की उघडा. दोन्ही पॅराशूट वजनाच्या मध्याच्या जवळ, धडाच्या पाठीवर लावलेली असली की विमान आडवं, चाकांवर उतरतं. पुढे लावलीत तर नाक वर करून लटकत येईल आणि शेपटी मोडेल. मात्र एकदा उघडलेलं पॅराशूट परत घडी करायला अनुभवी इंजिनियर लागतो, त्यामुळे हा उपाय शेवटच्या थांब्यालाच.

कर्बल बाहेर आला पण परत चढताच येत नाही!

प्लेन फार उंच असतं, म्हणजे चाकं लांब किंवा ऑफसेटने खाली ओढलेली. कर्बिनवर जेटपॅक कर्बलला उचलू शकत नाही, उडी मारून दार हाती लागलं तर ठीक. कॉकपिट जमिनीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा नाहीतर एक शिडी लावा.

आता अडकलाच असाल तर घाबरू नका. डेटा कर्बलच्या हातात असेल तर त्याला तिथूनच रिकव्हर करा, सायन्स मिळतं, प्लेन नंतर वेगळं रिकव्हर करा.

यातलाच दुसरा किस्सा उतारावर होतो. बी कळ दाबून धरली तेवढाच वेळ ब्रेक लागतो, कर्बल बाहेर आला की ब्रेक सुटलेला, आणि तो माती उचलत असताना मागे प्लेन एकटंच दरीकडे निघतं. वर अल्टिमीटरशेजारी ब्रेकचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की ब्रेक लागून राहतो. उतरल्यावर पहिलं काम तेच, क्रू रिपोर्ट नंतर.

उडता उडता ईव्हीए रिपोर्ट घेता येतो का?

येतो, कर्बल शिडी धरून लटकलेला असतानाच रिपोर्ट घ्यायचा, हात सोडू नका. वेग जेवढा कमी होईल तेवढा करा, जोरात असाल तर वारा त्याला उडवून नेतो. १.४ पासून कर्बलकडे स्वतःचं पॅराशूट असतं, तेव्हा जीव वाचू शकतो पण रिकामं विमान कोण उतरवणार? ५.६ पॉइंटसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

१८ किलोमीटरच्या वर जुनोने जाता येईल का?

नाही. दहा-बारा किलोमीटरनंतर जुनोचा दम संपत जातो. शिवाय क्रू रिपोर्ट आणि थर्मामीटरला त्या उंचीवर बायोमचा फरकच नाही, एकदा केलं की संपलं, आणि ते तुमच्या पहिल्या रॉकेटने आधीच केलेलं असेल.

पाण्यावर उतरू का?

या प्लेनने नको, चाकं खाली लोंबत असतात, पाण्याला लागली की विमान पुढे कोलमडतं. किनाऱ्यावर उतरा, कर्बलला चालत पाण्यात न्या, तो तरंगायला लागला की ईव्हीए रिपोर्ट आणि पाण्याचा नमुना दोन्ही घेता येतात, गुणकही जमिनीपेक्षा बरा, ०.४.

हे प्लेन जमलं, आता मोठं करू का?

करा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. मिटणारी चाकं आली तर आधी फक्त चाकं, उडवून बघा. मग व्हीझ्ली, आणि ते आलं की तेवढं वजन पुढे सरकवायला मधे मार्क-१ ची ४०० युनिटची टाकी, तीसुद्धा भरलेली सव्वादोन टनाची आहे, त्यामुळे भरलेली आणि रिकामी दोन्ही वेळा गोळे परत तपासा आणि चाकांची जागा नव्याने लावा. जुनी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, नवीन उडेना तर कॉन्ट्रॅक्टची मुदत जुन्यावर निघते.